सहाव्या भागात काय झालं

धामणगाव बढे
सोमवार, ११ ऑगस्ट १९८६

कोकिळाताई,

अक्षर ओळखून पत्र फाडणार असशील तर आधी एवढं वाच, मग फाड. मला फक्त एक गोष्ट विचारायची आहे.

रविवारी सकाळी टीव्हीवर ती हेरांची मालिका लागते, ती तू पाहतेस का? दिल्लीच्या त्या घराची. सासरा सैन्यातल्या गुप्त कागदांचा अधिकारी आणि त्याच्याच घरातलं कोणीतरी कागद बाहेर पोचवतं. पाचव्या भागाच्या शेवटी थोरली सून माला कपाटातून कागद काढते, पोळ्यांच्या डब्यात ठेवते आणि मागून दार उघडतं. दारात कोण ते दाखवायच्या आत भाग संपला. आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. पाणी भरायला गेलेल्या बायका हंडा खाली ठेवून भांडत होत्या, सासरा होता की दीर.

काल सहावा भाग होता. बरोबर दहाला लाइन गेली आणि साडेअकराला आली. मोताळ्याहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरला विचारलं, तर तिकडेही तेच. पंचक्रोशीत कोणाला काही ठाऊक नाही.

तर दारात कोण होतं? एका कार्डावर लिहून कळव. भिलाईला लाइन जात नसेल असं धरून लिहिते.

घरी सर्व ठीक. मी इथंच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या लग्नाला सोळा वर्षं झाली. आमचे गुरुजीही त्याच शाळेत आहेत. मुलं दोन. टीव्ही आमच्याकडे आहे, म्हणून रविवारी माय आणि बाबा वरच्या गल्लीतून येतात. बाबा खुर्चीवर बसतात, माय खाली.

पत्ता कुठून मिळाला ते विचारू नको.

शालू


सोमवार, २५ ऑगस्ट

ताई,

कार्ड मिळालं. "दारात धाकटा दीर होता. त्याने डबा उघडला. पण कागद तिने तोवर पोळीत गुंडाळला होता, त्याला पोळ्याच दिसल्या. भिलाईला लाइन जाते, त्या दिवशी होती. कोकिळा." तेवढंच. ना कशी आहेस, ना मुलं कितवीत. पण तुझ्या 'क'चा तो आकडा अजून तसाच आहे. मी कार्ड तीनदा वाचलं, त्यात दोनदा तो 'क' पाहायलाच.

रविवारी सगळ्यांना मी तो मजकूर वाचून दाखवला. चांगल्या पंधरा-वीस बाया जमल्या होत्या. बाबांनी विचारलं, "कोनाचं कार्ड?" मी म्हटलं, डी.एड.च्या मैत्रिणीचं. मास्तरीण असून खोटं बोलले. बाया गेल्यावर मायनं कार्ड मागून घेतलं. तिला वाचता येत नाही, तुला माहीत आहे. उलटंच धरलं होतं तिनं. अक्षरांवरून अंगठा फिरवत बसली आणि मग पदरानं पुसून परत दिलं, जणू तिच्याच हाताचा मळ लागला असेल.

आता लपवत नाही. पत्ता मायनंच दिला. सहावा भाग बुडाला त्या दिवशी दुपारी तिनं तांदळाच्या डब्यातून एक कागद काढला, त्यावर तुझा भिलाईचा पत्ता होता. म्हणाली, "तिकडंही लागत असंन ना हे? तिले ईचार." एकोणीस वर्षांत तिच्या तोंडून तुझा उल्लेख मी पहिल्यांदा ऐकला. पत्ता कोणी लिहून दिला, कधी दिला, काही सांगत नाही.

आणि आणखी एक सांगते, कारण मला ते राहून राहून छळतं. या मालिकेत अख्खं गाव मालाच्या विरुद्ध आहे. तिचा भाऊ तिकडच्या लोकांच्या तावडीत आहे म्हणून ती करते, हे कळूनसुद्धा. बाबा तर म्हणतात, गोळी घातली पाहिजे. एकटी माय तिच्या बाजूनं आहे. काल बाबा म्हणाले, "घरचं मीठ खाऊन फितुरी! बाहेरचा दुश्मन परवडला." तर माय खालून म्हणाली, "तिले कोनी ईचारलं काय, तुह्या जीवाले काय होऊन राह्यलं म्हनून?"

बाबा म्हणाले, "आपल्याही घरात सदुसष्ट साली असंच झालं. एका मतानं."

 मालिका संपेपर्यंत माय पदराची कड चावत होती.

लोणारचं तूच सांगितलंस, हे मला ठाऊक आहे. सगळ्यांनाच ठाऊक आहे. मग मायला काय झालं आहे?

शालू


शुक्रवार, ५ सप्टेंबर

ताई,

तुझं दुसरं कार्ड आलं. "जुनं उकरू नको. मालिकेचं काही असेल तर विचार." मालिकेचं विचारायला काही नाही, लाइन सध्या नीट आहे. म्हणून जुनंच विचारते. मुलांच्या वह्या तपासते तशी माझी तपास. चुकलं तिथं खोड.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. तुझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. मोताळ्याला पंचायत समितीच्या सभापतीची निवडणूक होती आणि बाबा उभे होते. सदस्य तेरा. बाबा धरून सात आपल्याकडे, सहा किसनरावांकडे. किसनराव तुझे चुलत सासरे, एकाच वाड्यात राहणारे. म्हणजे तुझं सासर एका बाजूला आणि माहेर दुसऱ्या. पुढं काय होणार हे लग्नाच्या वेळी कोणाला दिसलं नाही, कारण तेव्हा बाबा आणि किसनराव एका ताटात जेवत.

मत फुटू नये म्हणून बाबांनी आपल्या सहाही सदस्यांना उचलून नेलं. देवदर्शनाला जातो एवढंच सांगितलं. कुठं ते कोणालाच नाही. गाडीवाल्यालाही वाटेत सांगितलं म्हणे. चौथ्या दिवशी सकाळी किसनरावांची जीप लोणारला, जिथं सगळ्यांना ठेवलं होतं त्या मळ्याच्या फाटकात उभी. सोबत एका सदस्याचा सासरा. सासऱ्यानं फाटकातूनच हाक मारली, जावई मुकाट्यानं जीपमध्ये जाऊन बसला. मतदानात सात तिकडे, सहा इकडे.

बाबा थेट तुझ्या दारात गेले. अंगणात उभं राहूनच विचारलं, "लोणारचं तू सांगतलं?" तू म्हणालीस, "हाव." बाबांनी पाणीही घेतलं नाही. घरी येऊन म्हणाले, आजपासून मले एकच पोरगी. पुढं वर्षभरात रामराव भाऊजींना भिलाईला नोकरी लागली आणि तुम्ही गेलात.

हे बरोबर आहे ना?

मग माझा प्रश्न असा. बाबांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, तर तुला कसं कळलं? तू मोताळ्याला होतीस. गेला महिनाभर मी हे डोक्यात घोळवते आहे आणि मला नवल वाटतं ते याचं की हा प्रश्न इतक्या वर्षांत या घरात कोणीच विचारला नाही. तू "हाव" म्हणालीस आणि सगळ्यांचं समाधान झालं.

काल मी गोजरबाईकडे गेले होते. बांगडीवाली गोजरबाई, जी तेव्हा दर बाजाराला मोताळ्याला जायची. आता तिला नीट दिसत नाही, मनगट हातात घेऊन माप सांगते. तिला विचारलं, त्या वर्षी निवडणुकीच्या वेळी आमच्या घरातून कोणी तुझ्याजवळ ताईसाठी काही दिलं होतं का?

म्हणाली, "दिलं ना. हिरव्या बांगड्या अन् चिठ्ठी."

"चिठ्ठी कोणाची?"

"मले ईचारतं काय बाई? तुह्याच हातची होती. ओसरीवर बसून लेहली तू. मी समोर होती."

मला काही आठवत नाही, ताई.  मी काय लिहिलं होतं?

शालू


गुरुवार, १८ सप्टेंबर

ताई,

पाकीट काल शाळेत आलं. मधल्या सुट्टीत उघडलं. तुझं पत्र बाजूला ठेवून आधी ती पिवळी पडलेली चिठ्ठी उलगडली. माझंच अक्षर. तेव्हा मी 'श' किती फुगवून काढायची!

"सौ. कोकिळाताईस शालूचा नमस्कार. इकडे सर्व खुशाल. बाबा देवदर्शनास गेले आहेत, चार-सहा दिवस लागतील. माय म्हणते, कमळजादेवीची तुझी ओटी भरायची राहिली आहे, ती लौकर भर, उशीर करू नको. बांगड्या पाठवल्या आहेत."

वाचलं आणि ओसरीवरची ती दुपार समोर आली. माय तुरीच्या दाण्यांतले खडे काढत सांगत होती, मी मांडीवर पाटी घेऊन लिहीत होते. ओटीचं वाक्य मी "लौकर भर" इथं संपवलं होतं. माय म्हणाली, "उशीर करू नको, हे लेह. ते राह्यलं." तिनं मला ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. मला वाटलं, देवीचं काम आहे म्हणून. आपल्या घरातल्या कोणाची ओटी कधी कमळजेला बोललेली नव्हती हे मला सुचलंसुद्धा नाही. कमळजा म्हणजे लोणार, खाऱ्या तळ्याच्या काठावरचं देऊळ. हे तर शेंबडं पोरही सांगेल.

मग तुझं पत्र वाचलं. चार पानं. शाळा सुटेपर्यंत मी दुसरीच्या वर्गाला नुसते पाढे म्हणायला लावले.

वामनराव आठवतात. सात सदस्यांतले एक. त्या उन्हाळ्यात ते दोनदा आपल्याकडे आले होते. बाबांनी मला चहा घेऊन बोलावलं, आणि वामनरावांनी वर्तमानपत्र पुढं करून म्हटलं, वाच पोरी. मी अख्खा रकाना वाचला, न अडखळता. मला वाटलं, माझ्या वाचनाचं कौतुक आहे. काल कळलं की त्यांच्या विधुर भावासाठी मला पाहून गेले होते. अडतीस वर्षांचा माणूस. पहिली बायको विहिरीत गेलेली. तू लिहितेस की ती मायच्या माहेरच्या गावची होती आणि तिच्या पाठीवर काय होतं ते तिला न्हाऊ घालणाऱ्या बायांनी मायला सांगितलं होतं. वामनरावांचं मत त्या लग्नावर अडलं होतं. त्यांना सभापतीची पोरगी घरात पाहिजे होती. सभापती नसलेल्या माणसाची नको होती.

म्हणजे बाबा हरले म्हणून मी वाचले. मी मॅट्रिक झाले, डी.एड. झाले, मास्तरीण झाले.

तू लिहितेस, "तुझी चिठ्ठी वाचून मी चुलीपाशी तासभर बसून होते. सांगितलं तर बाप हरतो, नाही सांगितलं तर बहीण जाते. शेवटी यांच्या काकांना जाऊन सांगितलं. माझ्या सासरच्यांना वाटलं, मी त्यांची झाले. मी कोणाचीच झाले नव्हते."

ताई, आता मले एक कबूल करायचं आहे. पुस्तकी भाषेत ते मले लिहिता येत नाही. माह्या लग्नात तू आली होती. मांडवाच्या बाहेर, चिंचेखाली, पोरगं कडेवर घेऊन उभी होती. बाबायनं आत येऊ दिलं नसतं म्हणून. अक्षता पडल्यावर मी तिकडं पाह्यलं आणि तू हात वर केला. मी तोंड फिरवलं. बाबायचा मान गेला तो हिच्यामुळं, असं माह्या मनात पक्कं होतं. तू मले पाहाले दीडशे कोस आली होती आणि मी तोंड फिरवलं. पहिल्या पत्रात मी लिहिलं, माझ्या लग्नाला सोळा वर्षं झाली. जसं काही तुले माहीतच नसंन.

तुझ्या पत्रात त्या दिवसाचा एक शब्द नाही. चार पानांत एक शब्द नाही.

तू लिहितेस, माय-बाबांना यातलं काही कळू देऊ नको, ती म्हातारी झाली, झालं ते झालं. मी तुला वचन देत नाही, पण आजपर्यंत काही बोलले नाही. रविवारी माय माझ्या शेजारी बसली होती. मी तिच्याकडं पाहत होते, टीव्हीकडं नाही. सगळं आयुष्य मी या बाईला भोळी समजत आले.

शालू


सोमवार, २९ सप्टेंबर

ताई,

मी बोलले नाही. तिनंच सांगितलं. आता क्रमानं लिहिते, नाहीतर गोंधळ होईल.

काल शेवटचा भाग. घर भरलेलं, दारातही माणसं. तू पाहिलाच असशील. सासऱ्याला सगळं कळतं, आणि तो स्वतःच मालाला पोलिसांच्या हवाली करतो. ती जाताना त्याच्या पाया पडायला वाकते, तो पाय मागं घेतो. बाया डोळे पुसत होत्या. बाबा म्हणाले, "बरोबर केलं. अशा बाईले घरात ठेवू नाई."

माय उठून उभी राहिली. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू. म्हणाली, "मंग मले काढा."

बाबांना वाटलं थट्टा. हसले. "तू काय केलं वं?"

"लोणारचं म्या सांगतलं. कोकिळीले निरोप म्या धाडला. ह्या पोरीच्या हातानं लेहून. हिले काही माईत नव्हतं."

आमच्या गुरुजींनी टीव्ही बंद केला. बाया एकेक करून उठल्या. दारातली माणसं चप्पल शोधत राहिली. मी माझ्या मुलांना शेजारी पाठवलं.

बाबा खुर्चीवर तसेच. मला वाटलं, आता काय होतं कोण जाणे. शहात्तर वर्षांचे आहेत, पण आवाज अजून गल्लीच्या टोकापर्यंत जातो. आणि ताई, त्यांनी पहिली गोष्ट काय विचारली असेल?

"पन तुले कसं कळलं, लोणार म्हनून? म्या त कोनालेच सांगतलं नव्हतं."

माय म्हणाली, "तुमी निघाले तवा म्या पिशवीत साबनाची वडी टाकली. तुमी काढून फेकली. म्हने, कायले देतं, तिथल्या पान्यातच खार हाये, धोतर आपसूक निघते."

बाबा तिच्याकडं बघत राहिले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "सहा जनायले म्या बेलभंडारा उचलाले लावला. अन् मीच सांगून गेलो."

"हाव," माय म्हणाली.

मग त्यांनी विचारलं, "काऊन केलं?"

"वामनरावाचा भाऊ."

"मले सांगाचं होतं."

"सांगतलं. एकदा तुमी जेवत होते. एकदा बैठकीतून उठून आले तवा. तिसऱ्या बखती तुमी म्हटलं, बाईमानसानं राजकारनात बोलू नाई. मंग म्या बोलनं सोडलं."

 मग तुझं नाव त्यांच्या तोंडून निघालं. "अन् कोकिळी... ती हाव म्हने."

"तुमी तिले ईचारलं, तू सांगतलं काय. तिनं खरं सांगतलं. तिले कोनी सांगतलं, ते तुमी ईचारलंच नाई."

मला तेव्हा राहवलं नाही. मी मायवर ओरडले, ताई. ज्या बाईनं मला वाचवलं तिच्यावर. म्हटलं, तू एकोणीस वर्षं काऊन गप्प राह्यली? ताई परक्यासारखी चिंचेखाली उभी राह्यली तवाही?

माय माझ्याकडं पाहून नाही बोलली. बंद टीव्हीकडं पाहून बोलली. "पयले वाटलं, तुह्यं लगन होऊ दे. आधी सांगतलं असतं त यायनं दुसऱ्या दिवशी कुठीबी उजवून टाकलं असतं तुले, रागानं. तुह्यं झालं, मंग म्हटलं आता सांगीन. मंग म्हटलं दिवाळी होऊ दे. मंग लाज वाटाले लागली. जितके दिवस जाय तितकी जास्त. ती तिकडं माह्या पायी बोल खाऊन राह्यली अन् मी इथी सन करून राह्यली. गोजरीच्या जावयानं पत्ता आनून देल्ला, तो पाच वर्सं डब्यात ठेवला. लेहनार कोन होतं? तूच होती. तुले कसं सांगू?"

बाबा उठले, काठी घेतली आणि एकटेच घरी निघून गेले. माय आमच्याकडेच राहिली. जेवली नाही, पण झोपली मात्र लगेच. असं गाढ झोपलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

तुझा शब्द मी मोडला नाही. पण मोडला असता असं वाटतं.

शालू


गुरुवार, ९ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र आलं, पण त्याच्या आधी इकडं जे झालं ते लिहिते. म्हणजे तुला ठरवायला बरं.

बाबा आठवडाभर एकटे राहिले. मी सकाळ-संध्याकाळ डबा नेत होते. दार उघडं ठेवायचे, जेवायचे, ताट स्वतः घासायचे. मीही काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी अचानक म्हटलं, "वामनरावाच्या त्या भावाचं मंग काय झालं?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, शोधते. आमच्या शाळेतली शिपाईण त्याच गावची आहे. तिच्याकडून कळलं. त्यानं पुढल्याच वर्षी लग्न केलं होतं. ती बाई आठ महिन्यांत माहेरी आली ती परत गेली नाही. तिच्या एका हाताची बोटं अजून सरळ होत नाहीत. बाजारात भाजी विकते, डाव्या हातानं तोलते.

हे मी बाबांना जेवताना सांगितलं. सांगायला नको होतं तेव्हा, पण त्यांनीच विचारलं, कळलं का काही? त्यांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं. दुसरीकडं नाही, हाताकडंच. मी तो पदराखाली घेतला, काऊन ते मलाही माहीत नाही.

परवा सकाळी मी तिसरीच्या वर्गावर होते. फळ्यावर गणित घालत होते आणि मुलं एकदम उभी राहिली. वळून पाहते तर दारात बाबा. डोक्याला फेटा, पायात वहाणा. पोरांसमोरच विचारलं, "भिलाईले कोनती गाडी जाते?"

मी म्हटलं, मलकापूरहून कलकत्त्याकडची.

"टायम ईचारून ठेव," म्हणाले आणि शाळेतून थेट आमच्या घरी गेले. पुढचं मायनं सांगितलं. ती अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तिच्यासमोर उभं राहून म्हणाले, "चाल."

"कुठी?"

"पयले घरी. दसरा झाला का भिलाई."

माय मिरच्या पसरत राहिली. म्हणाली, "मी येईन. पन पयले मी बोलीन तिच्याशी. माहं झाल्याबिगर तुमी मधात बोलान नाई."

बाबा म्हणाले, "नाई बोलत." आणि सुपातल्या मिरच्या तिला काढून देऊ लागले. माय म्हणते, अर्ध्या त्यांनी खालीच सांडल्या.

आता तुझ्या पत्राचं. तू लिहितेस, "बाबांना कळलं हे ऐकून मला आनंद व्हायला पाहिजे होता, पण आधी राग आला. इतकी वर्षं मी तो राग कुठं ठेवला होता ते मलाच माहीत नव्हतं." तो राग खरा आहे. तो मी कोणाला वाचून दाखवला नाही. मायलाही नाही. तू त्यांना येऊ नका म्हणालीस तर मी तसं सांगेन, आणि कोणी तुला बोल लावणार नाही. तार केलीस तरी पोचेल. नाही आली तर ती दोघं बुधवारी, पंधरा तारखेला, मलकापूरहून बसतील. गुरुजी गाडीत बसवून देतील. दुसऱ्या दिवशी भिलाईला उतरतील. बाबांना स्टेशनाचं नाव हिंदीत वाचता येतं, पण चष्मा ते खिशातच ठेवतात, म्हणून कोणीतरी फलाटावर असलं तर बरं.

मी त्यांच्यासोबत येत नाही. माझं तुझ्याशी बोलायचं आहे ते वेगळं आहे, त्यांच्या मागं उभं राहून नाही बोलायचं. दिवाळीच्या सुट्टीत तू बोलावलंस तर एकटी येईन. नाही बोलावलंस तरी पत्र लिहीन.

मायनं तुझ्यासाठी काय काय बांधायला सुरुवात केली आहे. तुरीची डाळ, सांडगे, नातवासाठी टोपरं. मी म्हटलं, माय, तो सतरा वर्षांचा झाला असंन. तर म्हणाली, "असू दे. पाहील तरी."

बाबा काही बांधत नाहीत. कालपासून ओसरीवर बसून आहेत. आज संध्याकाळी मी विचारलं, "बाबा, ताईले काय म्हनान?"

त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला आणि परत खिशात ठेवला. मग म्हणाले, "गाडीत ठरवतो. लांबचा पल्ला हाये."

तुझी,
शालू